तिसरा थर

पहिला नमुना ऐंशीला बसला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी यंत्राचा काटा पुन्हा शून्यावर आणला, दुसरा नमुना दोन तबकड्यांच्या मध्ये ठेवला आणि हँडल फिरवू लागले. सात दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपलेला मातीचा दंडगोल तो, वीतभरापेक्षाही लहान. काटा दोनशेच्या पुढे जायला हवा होता. साठ. पासष्ट. सत्तर. मग नमुन्याचं पोट फुगलं, तिरकी चीर पडली आणि काटा मागे यायला लागला.

तिसरा मी देवाचं नाव घेऊन लावला. तोही सत्तर.

मी कुलथे साहेबांना फोन केला. ते आमचे साइट इंजिनियर.

"साहेब, तिसऱ्या थराचे नमुने फेल आहेत."

"काय? मोठ्यानं बोला हो."

"फेल आहेत. सत्तरला फुटले."

"एकशे सत्तर म्हणायचंय का?"

"नाही साहेब. नुसते सत्तर."

"शैलाबाई, तुमचं बोलणंच मला ऐकू येत नाही, तुमच्या यंत्राचं काय ऐकू? हात जड आहे तुमचा. परत करा."

"तीन केले, साहेब. चुनाच विरलेला होता. पोती आली तेव्हाच मी म्हटलं होतं, पाणी टाकून बघितलं तर गरमसुद्धा होत नाही..."

"पानाला लावायचा चुना तुम्ही बघा, इथला मी बघतो. चार वाजता पाहणीला माणसं येतायत. मी तासाभरात पोचतो. तोवर कुणाला आकडा सांगायचा नाही. सांगितलात तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नका."

मी फोन ठेवला. घरात मिळवती मी एकटी होते, आणि मला कुणी ओरडून बोललेलं लहानपणापासून सोसत नसे.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. शहरापासून चौदा किलोमीटरवर एक बंद पडलेली दगडखाण होती. तिथे शहराचा कचरा पुरायचा ठरला. खाणीखालच्या अंगाला दोन वाड्या, त्यांच्या विहिरी. कचऱ्याचं काळं पाणी झिरपून तिकडे जाऊ नये म्हणून खाणीच्या तळाला आणि पायऱ्यापायऱ्यांच्या उतारांना आतून मातीचं अस्तर द्यायचं काम चाललं होतं. माती आणायची, भिजवायची, वीतभर जाडीचा थर पसरायचा, रोलरनं चेपायचा, मग वर दुसरा थर. या मातीचं एक विचित्र असतं. पाणी जरा जास्त घालून चेपली तर ती पाण्याचा थेंब पलीकडे जाऊ देत नाही, पण लोण्यासारखी मऊ राहते. तळाला ते चालतं. उतारावर ती स्वतःच्याच वजनानं सुटते. म्हणून तिच्यात चुना आणि काथ्याचे बारीक तुकडे घालून तिला ताकद आणायची. ती आली की नाही, हे माझ्या पत्र्याच्या खोलीतलं यंत्र सांगायचं. थराचे नमुने सातव्या दिवशी फोडायचे. मी दारात येऊन "चालेल" म्हटलं की वरचा थर पडायचा. कागद मागाहून व्हायचे. काम माझ्या त्या एका शब्दावर चालायचं.

श्रावण होता, मंगळवार. चार दिवस पावसानं उघडीप दिली होती. चातुर्मासात माझं मौनभोजन असे. घास तोंडात घेतल्यापासून हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. बोललं तर पान तिथेच सोडायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपास. साइटवर सगळ्यांना ते ठाऊक होतं. सुपरवायझर उत्तम धात्रक तर माझा डबा उघडा दिसला की लोकांना दटावायचा, "ए, हळू. ताई पानावर बसल्यात."

मी नमुन्यांची माती गोळा केली, हात धुतले आणि डबा उघडला. पोळी, दोडक्याची भाजी, दहीभात. पहिला घास घेतला आणि धात्रक दारात आला.

"ताई, झालं का... अरेच्या! बसल्या होय आज लवकर?"

मी पानाकडे बघितलं.

"असू द्या, असू द्या, बोलू नका. फक्त तिसऱ्या थराचं ऐकायचं होतं. ते कुलथे साहेब सकाळपासून जीव खातायत. वरच्या पायरीवर माल पसरून झालाय, निवृत्ती रोलरवर बसून वाट बघतोय. चालवू ना?"

मी घास चावत होते.

"असं करा. नाही म्हणायचं असेल तर नुसती मान हलवा. नाहीतर मी समजतो काय ते."

तो थांबला. बाहेर रोलरचं इंजिन धडधडत होतं. मी भाताकडे बघत राहिले. त्यातला कढीपत्ता बाजूला काढला.

"बरं. समजलो," म्हणून धात्रक गेला.

निवृत्ती गांगुर्डे रोलर चालवायचा. चाळिशीचा, हाडापेरानं मोठा, बोलका. रोज सकाळी तो माझ्या खिडकीशी यायचा. मी पूजेतले फुटाणे पुडीत घालून न्यायचे, त्यातले चार उचलायचा आणि म्हणायचा, "ताई, देवाला माझी पण ओळख सांगून ठेवा. म्हणावं, उतारावरचा माणूस आहे, लक्ष असू द्या." त्याचा तो दातेरी रोलर अकरा टनांचा. वरच्या पायरीच्या अगदी कडेनं तो इतका सरळ न्यायचा की सुतानं रेघ मारावी.

रोलर हलल्याचा आवाज आला. माझ्या पानात दोन घास उरले होते. पानात टाकायचं नाही, म्हणून मी ते खाल्ले. ते मी कसे गिळले हे मला अजून आठवतं.

हात धुवायला उठले आणि आवाज बदलला. मोठा धमाका वगैरे काही नाही. ओलं कापड टराटरा फाडावं तसं काहीतरी, आणि मग इंजिनाचा एकदम चढलेला सूर. मग माणसांच्या हाका.

मी धावत कडेला आले. उताराचं अस्तर दहाबारा मीटर रुंदीत सुटलं होतं. वरचा माल, त्याखालचा तिसरा थर, सगळं मिळून एक जाड गोधडी खाली घसरावी तसं अर्ध्या उतारावर जाऊन तुंबलं होतं. त्यात रोलर आडवा कलला होता. केबिनमध्ये माती शिरून निवृत्तीच्या कमरेपर्यंत आली होती. आणि त्याच्या डोक्यावर, उतारावर, न सुटलेला निम्मा थर लोंबत होता. त्याच्यावरून एक चीर गेली होती, हात जाईल एवढी.

निवृत्ती शुद्धीत होता. तो वरच्या लोकांना ओरडून सांगत होता, "कायी नाय झालं! पाय अडकलाय फक्त. माझाच टर्न चुकला. थांबा, इंजिन चालू आहे, मागं घेऊन काढतो बाहेर!"

"घे, घे!" धात्रक ओरडला. "माती पास आहे, धरंल ती! ए, पोकलेन घे रे वरच्या पायरीवर, बकेटनं उचलू त्याला!"

पोकलेन हलला. निवृत्तीनं गियरला हात घातला. रोलर थरथरला, आणि चिरेतून बारीक ढेकळं त्याच्या केबिनच्या टपावर पडली. टप टप.

मी म्हणाले, "थांबा."

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले. मला ओरडता येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. स्वप्नात येत नाही तसं. मी धात्रकचा शर्ट मागून धरला आणि ओढला.

"थांबवा सगळं. इंजिन बंद करायला सांगा. माती पास नाही."

"आँ?"

"फेल आहे. सत्तर आहे. दोनशे पाहिजे. पोकलेन वर चढला तर सगळं खाली येईल त्याच्यावर."

धात्रकनं माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात वर करून तो बेंबीच्या देठापासून ओरडला. पोकलेन थांबला. पण खालून निवृत्ती म्हणाला, "कोण म्हणतं फेल? ताई कायी बोलल्या नायत म्हणजे पास आहे! तूच सांगितलं ना मला? दोन मिनिटात काढतो, पाय मुंग्यांनी भरलाय."

"ताई, तुम्हीच सांगा त्याला," धात्रक म्हणाला. "माझं नाय ऐकायचा तो."

मी कडेवरून बाजूच्या खडकाच्या पायवाटेनं खाली उतरले. साडीचा काठ चिखलात. केबिनपासून सातआठ हातांवर, खडकावर, मी उभी राहिले. त्याचा चेहरा मला नीट दिसत होता, मातीनं माखलेला, आणि त्यावर हसू होतं.

"ताई, तुम्ही कशाला आल्या खाली? जा वर."

"निवृत्तीभाऊ, इंजिन बंद करा. माती फेल झालीय. बारा वाजताच झाली होती. मला माहीत होतं."

"मग तुम्ही..." तो थांबला. "हा. तुमचं मौन होतं. उत्तमनं सांगितलं, ताई पानावर आहेत म्हणून."

वरून धात्रक म्हणाला, "मौन होतं ते ठाऊक आहे हो! पण मान हलवायला काय झालं होतं? रोज तर पाणी हवं असलं की खुणेनं मागता!"

माझ्यापाशी उत्तर तयार होतं. श्रावणातल्या मंगळवारी खूणही चालत नाही, असं म्हटलं असतं तर त्या माणसांनी ते मानलं असतं. धात्रकनं कानाला हात लावून माफीसुद्धा मागितली असती. निवृत्तीनं तर मला मोकळं करूनच टाकलं होतं. पण त्याचा हात अजून गियरवर होता. माझी माती नुसती वाईट होती असं त्याला वाटत होतं. किती वाईट, ते त्याला कळलेलं नव्हतं.

"व्रताचं काही नव्हतं," मी म्हणाले. "साहेबांनी कुणाला सांगायचं नाही म्हणून दम दिला. मी भ्याले. धात्रकांना येताना पाहिलं म्हणून डबा उघडला. नाहीतर मी दीडशिवाय जेवत नाही."

निवृत्तीनं मान वर करून लोंबत्या थराकडे बघितलं.

"इतकी फेल आहे का?" निवृत्तीनं विचारलं.

"इतकी आहे."

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं आणि खाणीत एकदम एवढी शांतता झाली की चिरेतून झिरपणारं पाणी ऐकू यायला लागलं.

"हलू नको मी?"

"हलू नका. श्वास घ्या, पण हलू नका."

मग चार तास ते चाललं. धात्रकनं माणसं बाजूच्या पक्क्या खडकावरून उतरवली. वाळूची पोती रचून, त्यांवर फळ्या उभ्या करून लोंबत्या थराला खालून टेका दिला. यंत्र काही लावायचं नाही. फावड्यांनी, शेवटी तर हातांनी माती उकरायची. मी चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन खिळे रोवले आणि प्रयोगशाळेतली पट्टी घेऊन त्यांच्यातलं अंतर मोजत बसले. अंतर तेवढंच असलं की म्हणायचे, "चालू द्या." सुतानं वाढलं की, "थांबा." एकशेचार मिलिमीटर. एकशेचार. एकशेपाच. थांबा. सगळेजण फावडी वर धरून पुतळ्यासारखे उभे. निवृत्ती माझ्याकडे बघत.

मी मनात नाव घेत होते. पण पट्टी लावली की ते थांबायचं. एका वेळी एकच होत होतं.

"ताई, पाय गार पडलाय."

"हलू नका."

"खाज सुटलीय मांडीला."

"नका हलू."

"एवढं तर माझ्या बायकोनं पण कधी दटावलं नाय मला," तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा एकाएकी लहान पोरासारखा झाला. "मला मरायचं नाय हो, ताई."

"एकशेपाचच आहे. मघापासून वाढलं नाही. मी खोटं सांगत नाही आता."

दोन वाजता कुलथे साहेब आले. कडेवर उभे राहून त्यांनी मला हाक मारली, "शैलाबाई, वर या आधी. काय सांगितलंत तुम्ही लोकांना?" मी पट्टीवरची नजर काढली नाही. "सत्तर," म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं. धात्रकनं ते मोठ्यानं सांगितलं.

अग्निशमनची माणसं आली, त्यांनी केबिनचा खांब कापायला घेतला, तेव्हा कंपानं एकशेनऊ झालं आणि मी इतक्या जोरात "थांबा!" म्हणाले की माझ्या घशातून ते निघालं हे मलाच पटलं नाही. पाचला पाच मिनिटं कमी असताना निवृत्तीला फळीवर घेतलं. मांडीचं हाड मोडलेलं होतं. खडकाच्या वाटेनं त्याला वर नेऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. लोंबता थर फळ्या-पोत्यांसकट खाली आला आणि केबिन दिसेनाशी झाली. धात्रक मटकन खाली बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस बघितलं नाही.

चौकशीत मी तेच सांगितलं जे खाणीत सांगितलं होतं. नोकरी गेली. ते वेगळं.

चौथ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी इस्पितळात गेले. माझे पाय पायऱ्यांवर अडत होते. खाणीत उतरताना ते अडले नव्हते. वॉर्डाच्या दाराशी एक काळीसावळी, उंच बाई उभी होती. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्हीच का त्या मातीवाल्या ताई?"

मी मान हलवली.

"मी तारा. त्यांची मंडळी. सगळं सांगितलंय त्यांनी मला. जेवणाचं, डब्याचं, सगळं." तिचा आवाज ताठ होता. "भांडायचंय मला तुमच्याशी. पण ते मी राखून ठेवलंय. आधी आत चला."

"त्यांनी बोलावलंय?"

"डॉक्टरांनी बोलावलंय. पायात सळी घातलीय. परवापासून डॉक्टर म्हणतात पाय हलवा, बोटं हलवा, नाहीतर रक्त धरेल, पाय जाईल. आणि हे दगडासारखे पडून आहेत. कूससुद्धा बदलत नाहीत. मी सांगितलं, आईनं सांगितलं, पायावर हात ठेवून रडली बिचारी. म्हणतात, ताई सांगतील तेव्हा हलेन."

खाणीत मला ठाऊक होतं मी काय मोजतेय. इथे मला काहीच ठाऊक नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. "तुम्ही फक्त त्यांना सांगा, बाकी काही नाही."

"सळीनं हाड धरलंय का?" मी विचारलं.

"हो, उत्तम बसलीय. हा बघा फोटो."

"मला त्यातलं कळत नाही. तुम्ही तोंडानं सांगा. हलवलं तर सुटणार नाही ना?"

"नाही सुटणार."

"सुटणार असेल तरी आत्ताच सांगा. कुणी काही बोललं असेल तुम्हाला, कुणाचा दाब असेल तरी. मी कुणाला सांगणार नाही."

डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली. माझ्याकडे नीट बघितलं. "धरलंय, बाई," ते हळू म्हणाले. "मी स्वतः बसवलंय. हलवायलाच हवं."

मी आत गेले. निवृत्ती छताकडे बघत पडला होता. दोन्ही हातांनी खाटेच्या कडेच्या सळया धरलेल्या.

"निवृत्तीभाऊ."

त्याचा श्वास तिथेच अडला. सळयांवरची बोटं पांढरी पडली. त्यानं मान वळवली नाही, फक्त डोळे वळवले.

"आकडा किती आला?" तो म्हणाला.

"इथे आकडा नसतो. डॉक्टरांना तीनदा विचारलं. धरलंय म्हणतात."

"डॉक्टर म्हणतात ते ऐकलं मी. तुम्ही काय म्हणता?"

ताराबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. आणि तो वाट बघत होता, तसाच, न हलता.

"हला," मी म्हणाले.

मी डोळे गच्च मिटून घेतले होते. कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ताराबाईंनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली, आणि म्हणाल्या, "अहो, बघा तरी. अंगठा हलतोय."